ताटातली मारामारी

आमच्या ह्यांना कुंग-फूचे विनोदी सिनेमे आवडतात, ही गोष्ट लग्नानंतर वर्षभर मी माहेरी कुणाला सांगितली नव्हती. लिफ्ट दुरुस्त करणारा, चार माणसांत तोंड न उघडणारा नवरा, आणि सुट्टीच्या दिवशी बघतो काय, तर दोन बाप्ये एका बाकड्यावरून भांडतायत. एक बाकडं उचलतो, दुसरा त्याच्याच खालून निसटतो, तिसरा पातेल्याचं झाकण पुढे धरून पळतो. "नुसत्या माकडचेष्टा!" म्हणत मी दार ओढून घ्यायची. आतून ह्यांच्या हसण्याचा आवाज यायचा. एरवी हा माणूस हसताना मी क्वचितच ऐकला.

माझं केस कापायचं दुकान. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, आणि मी. केस कापताना कात्रीचं एकच पातं हलतं, अंगठ्याचं. बाकीचा हात जागचा हलवायचा नाही. माझा अंगठा असा चालायचा की गिऱ्हाइकाला डुलकी लागायची. एका सकाळी एका बाईचे केस ओले करून मी पहिली बट धरली आणि कात्री हातातून पडली. मागोमाग मी पडले. लेक तेव्हा फोनवर होती, माझा फोन आरशापाशी स्पीकरवर ठेवलेला. कात्री, खुर्ची, मग त्या बाईची किंकाळी, सगळं तिने ऐकलं.

उजवी बाजू गेली होती. पुढे पाय काठीच्या आधाराने परत आला, जीभ निम्मीशिम्मी आली, हात मात्र रुसून बसला. लेकीला आम्ही अजून चिमणी म्हणतो. वय छत्तीस, आणि तिच्या ऑफिसातली माणसं तिला बघून उभी राहतात. तीच चिमणी माझ्या उशाशी बसून मला चमच्याने भात भरवायची आणि माझी हनुवटी पुसायची. जाताना म्हणाली, "दुकान देऊन टाकू आई. महिनाअखेरीला मी येते आणि दोघांना माझ्याकडे घेऊन जाते." मला विचारावं असं कुणाला वाटलं नाही. विचारलं असतं तरी 'नाही' म्हणायला मला तेव्हा इतका वेळ लागायचा, की तोवर तिचा दुसरा फोन आलेला असायचा.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. हातात रबरी चेंडू देऊन म्हणायची, "दाबा हं आजी." आजी! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण चेंडू काही दबायचा नाही. ती गेली की मी तो डाव्या हाताने पलंगाखाली ढकलून द्यायची.

आता उठून दार ओढून घेता येत नव्हतं, म्हणून ह्यांचे सिनेमे नाइलाजाने माझ्याही वाट्याला आले. पहिल्यांदा लक्ष गेलं ते ओठांकडे. दुसऱ्याच भाषेतून आवाज चढवलेला, त्यामुळे पडद्यावरच्या माणसाचे ओठ हलून थांबायचे आणि शब्द मागून यायचे. अगदी माझ्यासारखंच! मला त्या माणसाबद्दल आपलेपणाच वाटायला लागला. बरं, हा नायक म्हणावा, तर सगळ्यात जास्त मार हाच खातो. दुसऱ्याला ठोसा मारला की ह्याचाच हात दुखतो, मग तोंड वाकडं करून हात झटकतो, फुंकर घालतो, कुणी बघत नाही ना हे पाहतो आणि पुन्हा भिडतो. शूर माणसांचे सिनेमे मी पुष्कळ पाहिले होते. ज्याला लागतं आणि तरी जो हटत नाही असा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तो मला आवडला, हे मी कबूल करते.

त्यातच एक म्हातारा गुरू होता. फाटका, आळशी, खादाड. शिष्य जेवायला बसला की हा त्याच्या ताटातला घास दोन काड्यांनी उचलायचा. शिष्य आडवा हात घालायचा, म्हातारा खालून काढायचा. ताट फिरतंय, घास हवेत उडतोय, आणि शेवटी तो पडतोय म्हाताऱ्याच्याच तोंडात. शिष्य उपाशी! मी हसले. पडल्यापासून पहिल्यांदा, अर्ध्या तोंडाने का होईना, पण खदखदून हसले. ह्यांनी सिनेमा सोडून माझ्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी मला भरवलं नाही. ताटात परतलेल्या बटाट्याच्या फोडी वाढल्या, माझ्या उजव्या हातात काटा अडकवला, स्वतः समोर बसले, आपला उजवा हात पाठीमागे घेतला आणि डाव्या हाताने माझ्या ताटातली फोड उचलून खाल्ली.

"अहो!" मी म्हणाले. हा शब्द त्या दिवशी लगेच निघाला.

"अडव की," हे म्हणाले आणि दुसरी उचलली.

नियम न बोलता ठरले. मी फक्त उजवा हात वापरायचा. वाचवीन ते माझं, बाकी त्यांचं. सुरुवातीला मी अर्धपोटी उठायची आणि ह्यांचं पोट सुटत चाललं होतं. रागाने मला रडू यायचं, पण दुपार कधी होते याची वाटही मीच बघायची. एकदा काटा त्यांच्या बोटांना लागला आणि फोड माझ्या ताटात राहिली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. सोडली होती.

"मुद्दाम सोडलीत?"

"छे, छे."

"खोटं बोलू नका. ठेवा परत. पुन्हा घ्या."

त्यांनी कान पकडले आणि पुन्हा घेतली. त्या दिवशी मी जवळजवळ उपाशीच राहिले. पण त्यानंतर कधी तरी हे उजवीकडून आले आणि माझा अंगठा आपणहून काट्यावर मिटला. मी त्याला सांगितलंसुद्धा नव्हतं! मी जेवण तसंच टाकून कात्री मागवली आणि हवेतच धरली. पातं हललं. वाकडं, अडखळत, पण हललं. मी ह्यांना म्हटलं, "मी कुठंही जाणार नाही. दुकान उघडायचं." हे म्हणाले, "मग आधी जेव."

चिमणी सांगितल्यापेक्षा लवकर आली, माझे कपडे भरायला रिकामी बॅग घेऊन. दार उघडंच होतं. तिने पाहिलं ते असं: आजारी आईच्या हनुवटीवर बटाटा, आई ओरडतेय, आणि बाप तिच्या ताटातलं ओरबाडून खातोय.

"बाबा! काय चाललंय हे? तिच्या तोंडचा घास काढून घेताय?"

बिचाऱ्यांच्या तोंडात फोड होती. त्यांना ना गिळता येईना, ना बोलता.

"बस, दाखवते," मी म्हणाले. "अहो, घ्या."

आणि हात दाखवून अवलक्षण झालं. तिच्यासमोर मी इतक्या जोरात काटा फिरवला की फोड उडून ह्यांच्या चष्म्यावर बसली, ताट उलटलं आणि सगळे बटाटे माझ्या मांडीवर आले. चिमणी रडायला लागली. "बघितलंस? म्हणूनच सांगतेय मी. चल माझ्याकडे. मी भरवीन तुला, मी सगळं करीन."

ह्यांनी चष्मा काढला. काचेवरची फोड बघून मला हसू आवरेना, मग त्यांनाही. त्या सिनेमांच्या अगदी शेवटी, नावं वर सरकत असताना, चुकलेले तुकडे दाखवतात. बाकडं स्वतःच्याच पायावर पडतं, नायक शिडीवरून कोसळतो, सगळे धावतात, तो कण्हत कण्हत हसतो आणि पुन्हा शिडीवर चढतो. मी तेवढ्यासाठी आता शेवटपर्यंत बसत असे.

"पुन्हा वाढा," मी ह्यांना म्हटलं. "आणि तुम्ही उठा. चिमणे, तू बस समोर."

"मी? मी तुझ्या ताटातलं ओढून घेऊ?"

"लहानपणी विचारायचीस का? खरपूस फोड कधी मिळाली होती मला?"

ती बसली. हळूच हात पुढे केला, असा, की शेंबडं पोरही अडवील. मी काटा खाली ठेवला.

"असं नको. मी मेलेली नाही अजून."

"मला भीती वाटते गं आई," ती म्हणाली. "ती कात्री पडल्याचा आवाज अजून कानात आहे. फोन वाजला तरी दचकते मी."

"माझ्याही कानात आहे. म्हणूनच मला ती उचलायचीय."

तिने डोळे पुसले. ताटाकडे पाहिलं. ह्यांनी पुन्हा वाढलेली एकच फोड तिथे होती, कडेला करपलेली, खरपूस. मी काटा पुन्हा उचलून अंगठा त्यावर मिटला. तिने डावीकडून हात आणल्यासारखा केला, मी तिकडे वळले, आणि त्याच क्षणी उजवीकडून फोड गेली. अगदी सात वर्षांची असताना करायची तशी, निर्दयपणे. तिने ती तोंडात टाकली आणि भरल्या डोळ्यांनी, भरल्या तोंडाने मोठ्याने चावली.

"करपलीय," ती म्हणाली. मग फोड गिळून, "दुकान कधी उघडायचं म्हणतेस?"

"सोमवारी. पहिले केस तुझे."

"वाकडे कापशील."

"कापीन. मग पुन्हा कापीन."

तिने वाटेत आलेली बॅग पायाने बाजूला सारली, खुर्ची पुढे ओढली आणि उजवा हात पाठीमागे घेतला. ह्यांनी आणखी फोडी वाढल्या.

पुढची फोड मात्र मी तिला घेऊ दिली नाही.