बीचं बटण

आमचा ॲम्प्लिफायर गेला तो ऐन सिनेमात. नायिका काहीतरी महत्त्वाचं सांगत होती, तेवढ्यात 'टप्' असा आवाज झाला, जळक्या रबराचा वास सुटला आणि बाई नुसतेच ओठ हलवत राहिली.

"काय म्हणाली?" ह्यांनी विचारलं. हा प्रश्न हे आवाज चालू असतानाही विचारतात, त्यामुळे काही बिघडलंय हे लक्षात यायला जरा वेळच गेला.

हे म्हणजे माझे यजमान. ह्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून एक पाय ब्रेकवर ठेवायचा आणि जीव मुठीत धरायचा, हा ह्यांचा धंदा. मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. फक्त लोकांचंच, असं मी म्हणते. ह्यांचं मत वेगळं आहे. संध्याकाळी घरी आल्यावर मला गाणी लागतात आणि जेवणं झाली की ह्यांना सिनेमा. दोन्हींचा भार त्या एकाच काळ्या पेटीवर होता.

तिसऱ्या माणसाचाही होता. आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, ह्यांचे थोरले भाऊ राहतात. दादा शिंपी आहेत, एकटे आहेत आणि राहतात तिथेच शिवतात. फार पूर्वी एका रविवारी दोघा भावांनी मिळून छतातल्या जुन्या पाइपाच्या भोकातून वायर वर नेली होती. ॲम्प्लिफायरला दोन बटणं होती, ए आणि बी. ए म्हणजे आमचे स्पीकर, बी म्हणजे दादांचे. गाणं लावलं की मी दोन्ही दाबायची. मग वरून शिलाई मशीन ऐकू यायचं. गाणं संथ असलं की मशीन संथ, ठेका चढला की मशीन सुसाट. एकदा मी भलतंच उडतं काहीतरी लावलं, तर दुसऱ्या दिवशी जिन्यात म्हणाले, "अगं, काल बाही उलटी बसली माझी."

मग सायकलीचं प्रकरण झालं. जिन्याखाली दादांची एक सायकल गंजत पडली होती, ती ह्यांनी न विचारता भंगारात दिली. दादा म्हणाले, "मला एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही?" हे म्हणाले, "चाकं तरी होती का तिला?" झालं. शब्दाने शब्द वाढला आणि दोन सख्ख्या भावांनी अबोला धरला. दोन वर्षं झाली त्याला. जिन्यात समोरासमोर आले तर एक जण भिंत न्याहाळतो आणि दुसरा बुटाची नाडी बांधतो. ह्यांच्या पायात चपला असतात, तरी बांधतात.

पण बीचं बटण ह्यांनी कधी बंद केलं नाही. मी घरी नसले तर स्वतः दाबायचे, मला ठाऊक होतं. आणि वर दादांनीही वायर उपटून फेकली नाही. बोलणं तेवढं बंद होतं, गाणी चालू होती. म्हणून पेटी जळली तेव्हा मला सिनेमाची नाही, त्या वायरीची काळजी लागली.

दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं, आत एक फुंकर मारली, "ह्याचा पार्ट आता येत नाही" म्हणाला आणि झाकण लावलं. ह्यांनी मागच्या वायरी सोडवून पेटी माळ्यावर टाकली. नवा घेऊ म्हणेपर्यंत ह्यांच्याकडे लायसन्सच्या परीक्षांचा हंगाम आला, शिकणारी पोरं-पोरी सकाळ-संध्याकाळ गाड्या घासायला लागली, आणि दुकान लांबणीवर पडलं.

तेवढ्यात एके दिवशी जिन्याच्या वळणावर रिकामं खोकं दिसलं. त्याच्यावर ॲम्प्लिफायरचं चित्र. संध्याकाळी वरून गाणी यायला लागली. छतातून येईपर्यंत त्यांचा नुसता ठेका उरत होता.

"बघ," हे म्हणाले. "दम निघाला नाही. स्वतःचा आणला. संपली आपली गरज."

"तुम्हाला काय त्याचं?"

"मला काहीच नाही. पण रोज पहिलं गाणं माझ्या आवडीचं लावतो. ठेक्यावरून कळतं मला. मुद्दाम लावतो, डिवचायला."

मलाही राग आला होता, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मी गाणी निवडून निवडून वर पाठवली आणि माणसाला थोडे दिवस थांबता आलं नाही. जिन्यात दादा दोनदा भेटले. दोन्ही वेळा ते काहीतरी विचारायच्या बेतात होते आणि दोन्ही वेळा मी घाईत असल्याचा आव आणला.

शेवटी एका रविवारी आम्ही दुकानात गेलो. विक्रेता इतका गोड बोलत होता की मला माझे पेशंट आठवले. सुई दिसली की तेही असेच गोड होतात. त्याने आम्हाला एका अंधाऱ्या खोलीत बसवलं आणि आमच्या डोक्याभोवती हेलिकॉप्टर फिरवलं. मग एक पूल पाडला. मग समुद्र आणला. ह्यांनी खुर्चीचे हात गच्च धरले होते आणि उजवा पाय जमिनीवर दाबला होता.

"सर, सात स्पीकर आहेत," तो म्हणाला.

"आम्ही दोघंच आहोत," मी म्हटलं.

"मॅडम, हेलिकॉप्टर मागून यायला हवं ना."

"आमच्याकडे मागे स्वयंपाकघर आहे."

ह्यांना मात्र तो सात स्पीकरांचा संच मनापासून आवडला होता, कारण समुद्र चालू असतानाही माणसांचं बोलणं स्वच्छ कळत होतं. पूर्ण पाच मिनिटं ह्यांनी "काय म्हणाला?" विचारलं नाही, म्हणजे पेटी चांगलीच असणार. मग मी त्याच्यावर माझं एक गाणं लावायला सांगितलं. आवाज मोठा होता, पण गाणारी बाई कुठे तरी लांब, गर्दीत उभी राहून गात होती.

तिथेच कोपऱ्यात एक साधा, दोनच स्पीकरांचा ॲम्प्लिफायर होता. टीव्हीची वायर त्याला जोडता येत होती. त्याच्यावर तीच बाई आमच्या समोर येऊन बसली, आणि ह्यांच्या सिनेमातलं बोलणंही धड कळत होतं. फक्त हेलिकॉप्टर मागून न येता पुढून येत होतं. मी पेटी फिरवून पाठ बघितली. दोन जोड्या होत्या, ए आणि बी.

"त्या मोठ्याला बी आहे का?" मी विचारलं.

"नाही मॅडम, एकच जोडी."

"मग हाच."

"आता बी कशाला हवं?" हे म्हणाले. "त्याच्याकडे आहे की."

"असू दे. वायर त्यांनी तोडली तर तोडली. आपल्या बाजूने तुटली असं व्हायला नको."

"म्हणजे भांडणात आपण वरचढ राहावं म्हणून ॲम्प्लिफायर घ्यायचा?"

"हो," मी म्हटलं.

विक्रेता छताकडे बघत उभा होता. ह्यांनी मोठ्या पेटीवरून एकदा हात फिरवला, विकायला काढलेल्या गाडीवरून फिरवतात तसा, आणि म्हणाले, "हाच बांधा."

घरी आल्यावर ह्यांनी माहितीपुस्तक न वाचता सगळं जोडलं. ए दाबलं, गाणं सुरू झालं. सुरेख. मी बी दाबलं. 'टिक' झालं, लाल दिवा लागला आणि सगळं गप्प. पुन्हा चालू केलं, पुन्हा बी, पुन्हा टिक. ह्यांनी दुकानात फोन लावला. विक्रेता म्हणाला, वायरीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते आधी बघा, नाहीतर नवीन पेटी जाळाल.

दुसऱ्या टोकाला दोन वर्षांचा अबोला होता. आम्ही दोघं छताकडे बघत बसलो.

"तू जा," हे म्हणाले.

"मला वायरीतलं काय कळतं?"

"मला तरी कुठे कळतं?"

"भाऊ तुमचा आहे."

हे जिना चढले. मी टॉर्च घेऊन मागून. टॉर्चची गरज नव्हती, पण रिकाम्या हाताने जाणं बरं दिसेना. दादांनी दार उघडलं तेव्हा गळ्यात टेप होती आणि तोंडात टाचणी. टाचणी काढायला त्यांना बराच वेळ लागला.

"नवा ॲम्प्लिफायर आणलाय, वायर बघायची होती," हे दाराच्या चौकटीला म्हणाले.

दादा बाजूला झाले. कापडं बेतायच्या टेबलावर एक छोटासा चंदेरी ॲम्प्लिफायर होता. त्याच्या मागच्या भोकांत दादांच्या स्पीकरांच्या वायरी होत्या आणि त्याच भोकांत, त्यांच्याच बरोबर, आमची खालून आलेली वायरही खोचली होती. तारा सुटू नयेत म्हणून प्रत्येक टोक दोऱ्याने गुंडाळून वर गाठ मारली होती. असलं काम शिंप्यालाच सुचतं.

"दादा," हे म्हणाले. दोन वर्षांनी तो शब्द ह्यांच्या तोंडून आला आणि जरा खरखरला. "ही आमची वायर आहे. ही इथे कशाला लावलीस?"

"तुमचं बंद पडलं ना? मला वाटलं, इतकी वर्षं खालून वर येतंय, आता काही दिवस वरून खाली पाठवू. म्हणून तर हा आणला. मला एकट्याला काय, रेडिओही चालला असता."

ह्यांनी वाकून दोऱ्याची ती गाठ बोटाने चाचपली. मग म्हणाले, "खाली काही येत नव्हतं, दादा. खालचं टोक आजपर्यंत सुटं होतं. कपाटामागे लोंबकळत होतं."

"सुटं?"

"पेटी काढली तेव्हाच सोडलं होतं."

दादा खुर्चीवर बसले. "म्हणजे काहीच आलं नाही खाली? मी रोज लावत होतो रे. पहिलं तुझंच लावायचो. तुम्ही कोणी काही म्हणाला नाहीत, तेव्हा वाटलं, बरं लागतंय तुम्हाला. राग असता तर एव्हाना वायर काढून टाकली असती, असंही वाटलं."

मी त्या टॉर्चकडे बघत राहिले. मला इतकी लाज वाटली की जिन्यातल्या त्या दोन भेटी पुन्हा करून मिळाल्या तर काय वाटेल ते द्यावं असं झालं. ह्यांनी टेबलावरची कात्री उचलली, इकडून तिकडे ठेवली, पुन्हा तिकडून इकडे ठेवली.

"एका वायरीत दोघांना पाठवता येत नाही, दादा," हे शेवटी म्हणाले. "एकानं पाठवायचं, एकानं ऐकायचं."

"मग तुमचा नवा आहे. माझा सोडवतो मी."

"राहू दे. आज तू लाव."

आम्ही खाली आलो. ह्यांनी नव्या कोऱ्या ॲम्प्लिफायरमधून वरून आलेली वायर आणि आमचे स्पीकर सोडवले आणि स्पीकरांच्या तारा त्या वायरीला पीळ देऊन जोडल्या. रंगाला रंग, दोनदा तपासून. कपाटामागे अंधार होता, म्हणून टॉर्च मी धरला. मग आम्ही थांबलो. थोडी खरखर झाली आणि ह्यांचं गाणं आमच्या खोलीत आलं, सगळेच्या सगळे शब्द घेऊन.

जिन्यातून दादांचा आवाज आला, "येतंय का रे?"

हे दार उघडून बाहेर गेले. गाणं संपेपर्यंत जिन्यात तसेच उभे राहिले, आणि मग वर तोंड करून म्हणाले, "येतंय, दादा. अजून एक लाव."