वाहतं पाणी ओलांडताना

मारुतीच्या पारावर मी आयुष्यात पहिल्यांदा चढलो तो बुटांसकट. लहानपणी त्या पाराला आमची सावली लागू नये म्हणून आम्ही लांबून वळसा घालून जायचो. त्या दिवशी अंगात हवाईदलाची वर्दी होती, खांद्यावर औषधांची पिशवी होती, आणि मी तिन्ही पायऱ्या एकेक करून सावकाश चढलो. पायरीवर कुणी अडवलं नाही. अडवायची सोयच नव्हती, कारण मागं खळ्यावर हेलिकॉप्टरचा पंखा गरगरत होता.

सत्तरच्या दशकातल्या एका भादव्यात कयाधू नदीला पूर आला आणि कळमनुरीच्या खालची आठ-दहा गावं पाण्यानं वेढली. मी हवाईदलात मेडिकल असिस्टंट होतो. आई सगळ्यांना ‘माझा हरिचंद उडत्या दवाखान्याचा कंपाउंडर’ म्हणून सांगायची, आणि ते काही फार चूक नव्हतं. दोन दिवस आम्ही भाकरीची गाठोडी टाकत होतो आणि आजारी माणसं उचलत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच गावातून कुणीतरी लाल लुगडं हलवताना दिसलं. आमची वस्ती सखल भागात, म्हणून पाणी आधी आमच्या घरात शिरलं होतं. त्या वस्तीला आम्ही बौद्धवाडा म्हणायला लागून पंधरा वर्षं उलटली होती, गाव मात्र अजून जुनंच नाव घेत होतं. आमची सगळी माणसं माळावरच्या शाळेत सुखरूप होती. माझी आई जनकाबाई मला वरूनच दिसली, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

पारावर माणिकरावांची सून निजवली होती. माणिकराव म्हणजे गावातली निम्मी जमीन. सून द्वारकाबाई वीस-बावीस वर्षांची, आणि नवरा पलीकडं कळमनुरीत अडकलेला. पुरात साप उंचवट्याला येतात आणि माणसंही तिथंच येतात. सरपण काढताना तिच्या डाव्या हाताला नाग चावला होता. त्याला दोन तास झाले होते, आणि त्या दोन तासांत गावानं तिला मारुतीभोवती फिरवलं होतं आणि लिंबाचा पाला चघळायला दिला होता. पाला कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर आहे. तिनं गोड लागतो म्हणून सांगितलं होतं. म्हणजे विष आहे हे गावाला पक्कं कळलं होतं, आणि तरी गाव टाळ कुटत बसलं होतं.

तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या; नागाच्या विषानं अंग लुळं पडतं, शुद्ध मात्र राहते. मी नस शोधून सापाच्या विषावरचं इंजेक्शन दिलं. तेवढं मला करू दिलं, कारण सुई लोखंडाची असते आणि लोखंडाला विटाळ होत नाही, असं बहुतेक सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवलं असावं. पण औषध लागू पडायच्या आधीच श्वास थांबण्याची भीती होती. तिला तासाभरात नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पोचवायलाच हवं होतं. मी उचलायला वाकलो तसे माणिकराव आडवे आले.

“साप चावलेलं माणूस वाहत्या पाण्यावरून नेत न्हाईत,” ते म्हणाले. “पाणी वलांडलं की इख मस्तकात जातं. हितंच राहू दे तिला.”

हेलिकॉप्टर पाण्याला शिवत नाही, हे मी सांगून पाहिलं. वरून गेलं काय अन् खालून गेलं काय, पाणी ते पाणीच, असं उत्तर आलं. खळ्यावरून पायलट साहेबांनी दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं उरली होती.

मला राग आला, आणि तो जुना राग होता. मी नऊ वर्षांचा असताना माझ्या बापाला साप चावला, तेव्हा याच गावानं याच कारणासाठी त्याला याच काठावर ठेवलं होतं. त्याच्या वाट्याला तर मारुतीचा फेराही आला नाही. दुपारपर्यंत तो गेला. गावातलं कुणी आडवं आलं म्हणून मी दुसरं मरण बघत बसणार नव्हतो, मग ते माणिकरावांच्या घरचं का असेना.

मी सगळ्यांना सोडून तिलाच विचारलं, “द्वारकाबाई, येता का?”

तिची जीभ हलेना. तिनं उजवा हात उचलला आणि माझ्या वर्दीचा पट्टा घट्ट धरला.

“ती काई बोलली न्हाई,” माणिकराव म्हणाले.

“मंग सोडवा तिचा हात,” मी म्हणालो.

आमच्याकडं सासरा सुनेला हात लावत नाही. तिचं तोंडही कधी बघत नाही. तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि मलाही होतं. माणिकराव होते तिथंच थिजले. मी तिला उचललं आणि पायऱ्या उतरलो. मागून ते धावत आले आणि शेवटच्या क्षणी आत चढले.

नदी अर्धी ओलांडली आणि तिचा श्वास थांबला.

“सांगितलं हुतं तुला,” माणिकराव पंख्याच्या आवाजावर ओरडले. मी तिचं नाक दाबलं, तिच्या तोंडाला तोंड लावलं आणि फुंकलं. छाती वर आली. दुसऱ्यांदा वाकलो तर खांद्यावर त्यांचा पंजा पडला.

“हरचंद्या, तोंड काढ!”

“मंग तुमी फुंका,” मी म्हणालो. “सरकतो मी. या.”

पंजा आपोआप सुटला. मी फुंकत राहिलो. वारं झोंबत होतं, हेलिकॉप्टर हेलकावत होतं आणि तिची मान सारखी घसरत होती. मला तिसरा हात हवा होता, आणि तिथं एकच माणूस रिकामा होता.

“माणिकराव, हनुवटी वर धरा. मान मागं.”

ते हलले नाहीत. मी पुन्हा वाकलो, फुंकलं, आणि वर येऊन म्हणालो, “धरा, न्हाईतर पोराला काय सांगाल? पाण्यानं मेली म्हणून?”

त्यांनी डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हातांनी सुनेची हनुवटी धरली. नांदेड येईपर्यंत त्यांनी ना हात काढले, ना डोळे उघडले. मला आत कुठंतरी हसूही येत होतं आणि रडूही येत होतं. दोन्हीला दम पुरत नव्हता, कारण तो सगळा तिला चालला होता.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून श्वास घेतला. अकराव्या दिवशी ती बैलगाडीतून गावी आली. पडलेलं घर उभारायला मला आठ दिवसांची सुट्टी मिळाली होती. तिला बघायला म्हणून मी आणि आई त्यांच्या दारासमोर रस्त्यावरच उभे राहिलो. उंबऱ्यात सासू रुक्माबाई गोमूत्राचा तांब्या घेऊन तयार होती. हेलिकॉप्टरात काय घडलं ते गावभर झालं होतं. म्हणजे माझं तोंड गावभर झालं होतं. माणिकरावांच्या हातांबद्दल कुणाला काही माहीत नव्हतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ते स्वतः कशाला सांगतील.

द्वारकाबाई गाडीतून उतरली, मागोमाग माणिकराव उतरले. सासऱ्यासमोर तिचा आवाज त्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता. रुक्माबाईनं तांब्यात बोटं बुडवली तशी ती म्हणाली, “थांबा, आत्याबाई. हरिचंददादाचा दम माझ्या आंगात हाय. तो आदी काडून घ्या, मंग शिंपडा.”

रुक्माबाईची बोटं तांब्यातच राहिली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

“अन् शिंपडायचंच आसंल,” द्वारकाबाई म्हणाली, “तर मामंजींच्या हातावर बी शिंपडा.”

माणिकरावांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. सगळं गाव त्यांच्याकडं बघत होतं. मी बघत होतो, आई बघत होती.

“तांब्या आत ठिव,” ते शेवटी बायकोला म्हणाले.

द्वारकाबाई पदर सावरून उंबरा ओलांडून आत गेली.