बजाबाईंच्या ट्रॅक्टरखालचे दोन चॅनेल

वळसंगच्या बजाबाईंच्या छोट्या ट्रॅक्टरला मागं बॅकहो जोडलेला होता. चर खोदणारा हा लोखंडी हात घेऊन सहा वर्षं झाली होती, आणि आसपासच्या शिवारांतल्या पाइपलाइनचे निम्मे चर त्यांनी स्वतः बसून मारले होते. तालुक्यात आणखी दोघांनी तसलाच बॅकहो घेतला होता. दोघांचेही ट्रॅक्टर वर्षाच्या आत मागून तडकले.

म्हणून बॅकहो बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर हृषीकेश एका सकाळी थेट बजाबाईंच्या चरावरच आला. इस्त्रीच्या शर्टानिशी मुरुमावर उताणा पडून त्यानं बॅटरीच्या उजेडात अर्धा तास तडा शोधला. तडा नव्हताच. पण ट्रॅक्टरच्या पोटाखाली कंपनीचे नसलेले दोन जाड चॅनेल, पन्हळीसारख्या लोखंडी पट्ट्या, मागून पुढपर्यंत गेलेले दिसले. हे कुणी लावले, त्यानं विचारलं.

बजाबाईंनी सांगितलं. पहिल्याच महिन्यात त्यांच्या ध्यानात आलं होतं, की बॅकहोच्या बकेटनं मुरुमात दात रोवला की ट्रॅक्टरमागचं जोडणीचं लिंकेज करकरतं आणि पिनांची भोकं सैल होतात. लिंकेज नांगर ओढायला केलेलं. खोदकामाचा सगळा धक्का मागच्या गिअरपेटीवर बसत होता. तो पुढच्या एक्सलपर्यंत वाटून द्यायला हवा, हे त्यांना उमगलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांच्या सांगाड्यांची डागडुजी करणाऱ्या सिद्रामप्पांकडे त्या गेल्या. सिद्रामप्पांनी आधी चक्क नाही म्हटलं. ट्रॅक्टरला कधी हात लावला नव्हता. बाई हलेचनात, तेव्हा ते शेतावर आले, दिवसभर खोदकाम बघत बसले आणि आठवड्यात चॅनेल करून दिले. गिअरपेटीच्या बिडाला वेल्डिंग मात्र बाईंनी करू दिलं नाही, बीड तापून तडकतं म्हणून. सगळं बोल्टवर.

हृषीकेशनं नव्या मॉडेलसाठी मापं घेण्याची परवानगी मागितली.

"घ्या की," बजाबाई म्हणाल्या. "पण नुसतं लोखंड लावून भागत न्हाय, साहेब. बोल्ट रोज सकाळी आवळायला लागत्यात. आन् बकेट आडवी ढकलून माती सारायची न्हाय. त्ये बी लिवा."

त्यानं वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, "हे कुणाचं काम म्हणून सांगू?"

"सिद्रामप्पांचं," त्या म्हणाल्या. "आन् माजं."

नवं मॉडेल आलं तेव्हा बजाबाई आणि सिद्रामप्पा मिळून सोलापूरच्या शोरूममध्ये गेले. सिद्रामप्पा वाकून ट्रॅक्टरखाली बघत होते. विक्रीवाला तरुण बजाबाईंना मोठ्या उत्साहानं समजावू लागला, की या पट्ट्यांमुळं धक्का पुढं वाटला जातो, ट्रॅक्टर तडकत नाही.

बजाबाईंनी पदर सावरून सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कुठं चुकला नाही पोरगा.

"टिकंल का पर?" त्यांनी विचारलं.

"दहा वर्षं, मावशी."

"टिकंल," सिद्रामप्पा खालूनच म्हणाले, आणि बजाबाई हसल्या.