माळोबाची खपली

जगातल्या प्रत्येक थोर कलाकृतीचं सत्य तिच्या वरच्या थराखाली दडलेलं असतं, आणि ते उजेडात आणणं हे आपल्या पिढीचं कर्तव्य आहे, असं मोनिकानं केंदूरच्या घरात भर सकाळी जाहीर केलं.

"खालचा थर करपाय लागलाय. ती भाकर उलट आदी," आई गिताबाई म्हणाली.

पुण्यात कलेचा इतिहास शिकायला गेल्यापासून ही पोर अशीच बोलायची. परदेशात कुठल्याशा जगप्रसिद्ध चित्रातली कोरी भिंत तज्ज्ञांनी खरवडली, तर आतून पंखांचं नागडं पोरगं निघालं, ही बातमी तिनं आईला इतक्यांदा सांगितली होती, की गिताबाईनं एकदा काळजीनं विचारलं, "मग त्याला अंगडं घातलं का न्हाई कुणी?"

वडील संपत मात्र हसत नसत. त्यांचं एकच म्हणणं होतं, "तुझ्या शिकण्यापायी गावात येक जरी बोट उठलं, तर कॉलेज बंद. मग बस हितं कांद्याचा इतिहास लिहीत."

अशा पोरीनं जत्रेच्या आदल्या दिवशी एकटीनं माळोबापाशी जाऊ नये. ती गेली.

माळोबा म्हणजे माळावरचा उभा दगड. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदरानं इतका जाड झालेला, की त्याला नाकडोळे आहेत यावर विश्वास ठेवायचा, दिसायचे नाहीत. मोनिकाला त्याच्या उजव्या अंगाला एक भेग दिसली. तिनं फक्त केसातली पिन लावून पाहिली. फक्त पिन, असं तिनं पुढं स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं. पण ताटाएवढी खपली अलगद तिच्या हातात आली, आणि आतून दगडात कोरलेला हात निघाला. कोपरात दुमडलेला. मनगटभर बांगड्या.

सतीचा दगड! सती गेलेल्या बाईची खूण म्हणून असाच हात कोरत. अख्खं गाव दर जत्रेला ज्याला पटका बांधतं, ती कुणी बाई! मोनिकाला आनंद झाला. तो एक श्वासभर टिकला. दुसऱ्या श्वासाला तिच्या ध्यानात आलं, की तिकडं खरवडणाऱ्यांना हारतुरे मिळतात, हे केंदूर आहे, आणि उद्या हुईक आहे.

हुईक म्हणजे जत्रेतली देववाणी. ढोल घुमले की पुजारी ज्ञानूआबांच्या अंगात देव येतो आणि साऱ्या वर्षाचं पाऊसपाणी सांगतो. त्याच दमात गावाची पापंही सांगतो, नावानिशी. मागं एकदा बांध कोरणाऱ्याचं नाव घेतलं होतं. तो माणूस अजून कारेगावात खोली करून राहतो.

मोनिकानं घरातून गुपचूप कणीक आणली, खपली पुन्हा चिकटवली, कडांना शेंदूर फासला आणि पळाली. त्या दिवशी तिला घास गिळवला नाही. पुरणपोळी होती, तरी.

जत्रेला माळ भंडाऱ्यानं पिवळा झाला. ढोलावर पहिली थाप पडली आणि खपली हलली. दुसऱ्या कुणाला दिसलं नाही, कारण दुसरं कुणी तिच्यावर डोळे लावून बसलं नव्हतं. दुसरी थाप. भेगेतून कणकेचा पांढरा दोरा डोकावला. ढोलकऱ्यांना नेमका आजच हुरूप आला होता.

ज्ञानूआबा घुमायला लागले. "मिरगाला पाऊस हाय! जवारी मोप हाय!"

"आन् कांदा?" कुणीतरी ओरडलं.

"कांद्याचं मला इचारू नगा!" देव म्हणाला, आणि तेवढ्यात खपली धपकन खाली आली.

ढोल थांबले.

"आरं, देवाच्या हातात बांगड्या!" एक बाई किंचाळली. बायांनी लेकरं पदराखाली ओढली. म्हातारी माणसं मटकन खाली बसली. संपतनं पुढं होऊन खपली उचलली, उलटी करून बघितली, वास घेतला.

"देवाच्या अंगाला कणीक कुणी लावली?"

गिताबाईनं वळून लेकीकडं बघितलं. काल परातीतली कणीक कमी का भरली, ते तिला आत्ता उमगलं. तिनं मोनिकाचा हात घट्ट धरला.

"देवालाच इचारा!" गर्दी ओरडली. "नाव घ्या आबा, नाव!"

आबा वळले. हातात नागवी तलवार, छातीपर्यंत भंडारा, डोळे कुठंच न बघणारे. माणसं मागं सरत गेली आणि मधून जी वाट झाली, ती मोनिकापाशी येऊन संपली. तिला आबांच्या खांद्यावरून वडिलांचा चेहरा दिसला. वडील तलवारीकडं बघत नव्हते, तिच्याकडं बघत होते. पुणं, कॉलेज, पंखांचं पोरगं, सगळं त्या चेहऱ्यात बुडालं.

तलवार तिच्या कानाजवळ येऊन थांबली. हळदीचा आणि तंबाखूचा वास आला. अख्खा माळ नाव ऐकायला श्वास रोखून उभा होता. आबा वाकले, आणि फक्त तिलाच ऐकू जाईल अशा बेतानं माळोबा तिच्या कानात म्हणाला,

"पोरी, डाव्या खांद्यावरचं बी काढ की जरा. लई खाजतंय."