मोकळ्या वाद्या

मुकाशनं अंगठ्यातली हाडाची अंगठी काढून तोंडात धरली. पहाटेच्या गारठ्यात ती बर्फ झाली होती, आणि गार अंगठीवरून दोरी नीट सुटत नाही, हे त्याला बावीस वर्षांच्या चुकलेल्या बाणांनी शिकवलं होतं. धनुष्य त्यानं कोटाच्या आत छातीशी धरलं होतं. शिंगाचं धनुष्य सासूसारखं जपावं लागतं, जरा गारठलं की कुरकुरायला लागतं.

त्याला बसायला मिळालेली खिंड सगळ्यांत खालची. वाटणी नेहमीसारखी त्याच्या शिकारीतल्या जोडीदारानं, एसेन्गुलनंच केली होती.

"तू इथं बस. इथून रानबोकड गेलेला माझ्या आजोबांनीही पाहिला नाही. तुझा बाणही वाचेल आणि बिचारं जनावरही."

"तुझी बडबड ऐकून वरचं सगळं खालीच पळत येईल, बघ," मुकाश म्हणाला होता.

तिसरा जोडीदार होता बोरोनबाय. तो वर्षाला मोजून दहा वाक्यं बोलायचा. त्यानं भाकरीचे तीन तुकडे केले, मोठा मुकाशच्या हातात दिला, आणि दोघं कळप हुसकायला वरच्या कड्याकडे गेले.

मुकाशला या बसण्याचा कधी कंटाळा येत नसे. बंदूकवाले येतात, एक बार काढतात आणि आठ दिवस डोंगर रिकामा होतो. बाणाच्या शिकारीत माणसाला डोंगरात मुरावं लागतं. वारा कुठल्या गालाला लागतोय ते पाहायचं, दगडाच्या सावलीत सावली व्हायचं, आणि संध्याकाळी तिघांनी एका भांड्यातून आंबलेलं घोडीचं दूध पीत एकमेकांची अब्रू काढायची. काही मिळालं नाही तरी तो वर्षभर याच दिवसांची वाट पाहायचा.

पण काही मिळालं नाही, हे आता त्याला सलायला लागलं होतं. पन्नाशी उलटली होती. खोऱ्यातल्या प्रत्येक शिकाऱ्यानं आयुष्यात एकदा तरी 'शिरालगा' दिला होता. शिकार घेऊन परतणाऱ्याला वाटेत कुणी भेटलं आणि त्यानं हा शब्द उच्चारला, की मागेल तेवढं द्यायचं, पूर्ण जनावर मागितलं तर पूर्ण. मुकाशनं तो शब्द फक्त मागण्यासाठी वापरला होता. बाप कोसळलेल्या हिमकड्याखाली गेला त्या हिवाळ्यात आईनं त्याला वाटेवर उभं केलं होतं. नऊ वर्षांचा मुकाश मान खाली घालून पुटपुटला. शिकार घेऊन परतणारा ओर्मोन घोड्यावरून खाली उतरला, त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"ऐकू नाही आलं. मोठ्यानं म्हण. हक्क आहे तो, भीक नव्हे."

ओर्मोन खोऱ्यातला सगळ्यांत मोठा तिरंदाज. त्या हिवाळ्यात त्यानं पाच वेळा दिलं आणि पाचही वेळा मुकाशला ओरडायला लावलं. स्वतः ओर्मोननं मात्र आयुष्यात कुणापुढे तो शब्द काढला नव्हता. आता तो थकला होता. गुडघे गेले होते, वसंतापासून तो घराबाहेर पडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

वारा फिरला. डाव्या गालावरचा गारवा एकदम उजव्या गालावर आला आणि मुकाशनं अंगठी तोंडातून काढून अंगठ्यात चढवली. वरून दगड घरंगळले. एसेन्गुलच्या आजोबांनी कधी न पाहिलेली गोष्ट त्याच्यासमोर घडत होती. सात-आठ रानबोकड एकामागून एक खिंडीत उतरत होते.

पुढचा थोराड नर त्यानं जाऊ दिला. बाण दोरीला लावला. दुसरा गेला, तिसरा गेला. चौथा, दोनेक वर्षांचा, वीस पावलांवर थांबला आणि मागे वळून पाहू लागला. मुकाशनं दोरी कानापर्यंत ओढली. इतक्या वर्षांत सोडायच्या क्षणी त्याच्या मनात हटकून एसेन्गुलचं हसणं यायचं. आज आलं नाही. दोरी सुटल्याचं त्याला बोकड गुडघ्यावर बसला तेव्हा कळलं.

दोघं खाली धावत आले तेव्हा मुकाश बोकडाच्या मानेवर हात ठेवून नुसता बसला होता. एसेन्गुलनं बाणाची पिसं पाहिली, पुन्हा पाहिली.

"हा बाण तर तुझा आहे."

"मग काय तुझ्या आजोबांचा?"

 एसेन्गुलनं मुकाशची टोपी काढून हवेत उडवली, त्याला कडकडून मिठी मारली आणि तोंड फिरवून नाक पुसलं. बोरोनबायनं दोघांना एकत्रच उचललं. मग तिघांनी मिळून जनावर साफ केलं, काळीज निखाऱ्यावर भाजलं, आणि पहिला घास मुकाशला दिला. इतकं गोड काही त्यानं उभ्या जन्मात खाल्लं नव्हतं.

तो धनुष्य पुसून खोळीत घालेपर्यंत बोरोनबायनं आनंदाच्या भरात बोकड त्याच्या घोड्यावर टाकून खोगिराच्या चामडी वाद्यांनी घट्ट आवळून टाकला होता.

"अरे, हे काय केलंस? सोड," मुकाश ओरडला.

बोरोनबायनं जीभ चावली. वाद्यांना बांधलं की शिकार शिकाऱ्याच्या घरची. मग वाटेत कुणालाही शब्द काढता येत नाही. एरवी माणसं गावाजवळ आली की गुपचूप वाद्या आवळतात, आणि हा बाबा बांधलेली सोडवत होता.

"हिसक्यानं घसरेल की रे," एसेन्गुल म्हणाला.

"खांद्यावर नेतो."

"आणि घोडा?"

"घोडा येईल चालत. त्यालाही कळू दे."

एसेन्गुलनं मोकळ्या वाद्यांकडे पाहिलं. मग एकाएकी घोड्यावर चढला. "मी पुढं होतो. झूरावहिनीला कढई चढवायला सांगतो." आणि उतारावरून असा सुटला, की मागे नुसती धूळ राहिली.

मुकाश बोकड खांद्यावर घेऊन चालू लागला. मागून बोरोनबाय दोन्ही घोडे घेऊन येत होता. वजनानं मान अवघडली, पाठीवरून घामाबरोबर रक्त ओघळलं, पण त्याला वाटेवरचा दगडन् दगड आपलाच वाटत होता. पहिल्या वळणावर त्यानं मान वर करून पाहिलं. कुणी नव्हतं.

झऱ्यापाशी बायका पाणी भरायला असायच्याच. आज तिथं एक कळशी तेवढी राहिली होती, आणि पळालेल्या पावलांची ओल. त्यापुढच्या कुरणात काबिल मेंढपाळ दिसला. खोऱ्यात उंदीर मारला तरी शिरालगा मागणारा माणूस. मुकाशनं खांद्यावरचा बोकड जरा वर सरकवला, दिसावा म्हणून. काबिलनं पाहिलं. नीट पाहिलं. आणि घाईघाईनं मेंढ्या वळवून टेकाडाआड निघून गेला.

मुकाश थांबला.

"पाहिलंस ना त्यानं?"

बोरोनबायनं मान हलवली.

"कीव करतात लेकाचे. बिचाऱ्याला बावीस वर्षांनी एक मिळालं, घरी नेऊन खाऊ दे म्हणतात." त्यानं बोकड खांद्यावर पुन्हा सावरला. "माझ्याकडून घ्यायलाही यांना जड जातं."

"चल पुढं," बोरोनबाय म्हणाला. वर्षातलं एक वाक्य त्यानं खर्च केलं.

मुकाश चालला, पण आता जनावर दुप्पट जड झालं होतं. उतारापर्यंत जाऊ, मग बांधूनच टाकू, असं त्यानं मनाशी ठरवलं. तिथून पुढे वस्तीच होती.

ओढ्याच्या काठावर, ऐन उताराच्या तोंडाशी, एक घोडा उभा होता. घोड्याला एका हातानं धरून, दुसऱ्या हातात काठी घेऊन ओर्मोन उभा होता. अंगात सणाचा झगा, डोक्यावर पांढरी उंच टोपी. पलीकडे एसेन्गुलचा घोडा घामानं निथळत होता, आणि मागे सगळी वस्ती आपापल्या दारात चिडीचूप.

"किती वेळ रे," ओर्मोन म्हणाला. "गुडघ्यांची वाट लागली. त्या बडबड्याला परत वर पिटाळलं, सगळ्यांना सांगून ये म्हटलं, वाटेत कुणी तोंड उघडलं तर गाठ माझ्याशी आहे. पहिला मागणार मी."

मुकाश काही पावलांवर थांबला. बोकड खांद्यावरच होता.

ओर्मोननं घसा खाकरला. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ऐंशी वर्षांच्या त्या माणसानं मान खाली घातली आणि काहीतरी पुटपुटला.

मुकाशनं ते ऐकलं होतं. तरी तो आणखी दोन पावलं पुढे गेला, ओझ्यासकट म्हाताऱ्यासमोर उभा राहिला.

"ऐकू नाही आलं, आबा. मोठ्यानं म्हणा."

ओर्मोननं झटक्यात मान वर केली. क्षणभर वाटलं, आता काठी बसते. मग त्याच्या दाढीत हसू फुटलं, ते डोळ्यांपर्यंत चढलं, आणि त्यानं छातीत भरेल तेवढा वारा भरून घेतला.

"शिरालगा!"

पलीकडची कुत्री भुंकायला लागली.

"घ्या, आबा. बांधा," मुकाश म्हणाला. "पूर्ण घ्या."

पण बांधलं त्यानंच. ओर्मोनच्या खोगिराच्या वाद्या न वापरून काठीसारख्या ताठ झाल्या होत्या. बोकडाची चरबी लागली तशा त्या हळूहळू मऊ झाल्या. ओर्मोननं बाणाची जखम बोटांनी चाचपली.

"चार बोटं मागं लागला."

"हो, आबा."

"पुढच्या वेळी लक्ष ठेव," ओर्मोन म्हणाला. त्याला पुढची वेळ येणार यात शंका वाटत नसावी.

मुकाश आपल्या घोड्यावर चढला आणि ओढा ओलांडून वस्तीतून गेला. मोकळ्या वाद्या घोड्याच्या दोन्ही कुशींवर आपटत होत्या आणि लोक त्यांच्याकडे बघून टोप्या काढत होते. काबिल टेकाडावरून ओरडून सांगत होता, की पुढचा माझा.

घरापुढे चुलीवर कढई चढली होती, पाणी खळखळत होतं. झूरानं आधी नवऱ्याच्या खांद्यावरचं रक्त पाहिलं, मग वाद्या पाहिल्या.

"कुणी मागितलं?"

त्यानं नाव सांगितलं.

झूरानं हातातली मिठाची वाटी खाली ठेवली. वस्तीत सगळ्यांनी ऐकलं होतं, तिनंही ऐकलं असणार. तरी तिनं त्याला ते नाव आणखी एकदा घ्यायला लावलं, मग कढईतलं थोडं पाणी काढून चहाला ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "आणि बाण कसा सोडलात, ते पहिल्यापासून सांगा."