रांगेतला एकेक ग्रह

मित्रांनो, रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या एका घरात, जिन्याखाली, जुन्या चादरीत गुंडाळलेली एक लांब नळी उभी आहे. येणारेजाणारे तिला पाण्याचा पाइप समजतात. ती मी. मी एक जुनी दुर्बीण आहे आणि मला इंदूबाईंनी आपल्या हातांनी घडवलं.

इंदूबाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांचे यजमान गंगाधरराव रेल्वेत नोकरीला होते. दोघंही मूळचे वर्ध्याकडचे. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत बाईंनी जाड काचेच्या दोन तबकड्या मागवल्या आणि मागच्या व्हरांड्यात त्या एकमेकींवर घासायला बसल्या. मधे ओली पूड टाकायची, घासायचं, तबकडी जराशी फिरवायची, पुन्हा घासायचं. ती खरखर ऐकून गंगाधरराव म्हणत, "काहून इतका जीव काढून राहिली? बाजारात तयार भेटते ना."

"भेटते. पण ते माही नसते," बाई मान वर न करता म्हणत.

उन्हाळा सरता सरता एका तबकडीला बशीसारखी उथळ खोली आली. तिच्यावर चकचकीत मुलामा चढवून आणला आणि ताऱ्यांचा उजेड गोळा करणारा माझा आरसा तयार झाला. गावातल्या बूढापारा भागातल्या एका पत्र्याच्या कारागिराने माझी नळी करून दिली. पहिल्या संध्याकाळी गच्चीवर सगळी गल्ली जमली. शेजारच्या शांताबाईंनी माझ्यातून चंद्र पाहिला आणि त्या ओरडल्या, "अगंबाई! याले तं देवी येऊन गेल्या दिसतात!" सगळे हसले. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते.

मग नवं राज्य झालं आणि रायपूर त्याची राजधानी. कॉलनीत मोठ्या गाड्या येऊ लागल्या, जनरेटर घरघरू लागले, रस्त्यावर नवे दिवे लागले. त्याच दिवसांत बाई अडखळू लागल्या. दाराच्या चौकटीला खांदा लागे. हाताशी ठेवलेला पेला लवंडे. मुलगी निधी घरातही बहुतेक हिंदीच बोलायची. ती म्हणे, "मम्मी, कितनी हड़बड़ी करती हो तुम!" बाईही हसत. वह्या त्या सहज तपासत, सुईत दोरा ओवत, मला ताऱ्यावर नेमकं लावत. डोळ्यांचं काही बिघडलं असेल, हे कुणाच्या मनात येणार?

राजधानीचं दुसरं वर्ष होतं. त्या उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर पश्चिमेला पाच ग्रह एकाच वेळी दिसणार होते आणि अक्षय तृतीयेच्या सुमारास चंद्राची कोरही त्यांच्यात येणार होती. असा योग आयुष्यात फार थोड्या वेळा येतो, असं बाईंनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं. त्याआधी काही दिवस त्या निधीला घेऊन गच्चीवर आल्या.

"मम्मी, देखो! पूरी लाइन बन गई!" निधीने टाळी वाजवली.

"कुठं? मले तं शुक्रच दिसून राहिला."

"अरे, ऊपर देखो ना, गुरु है."

बाईंनी मान वर केली. "हां, दिसला गुरू." मग त्या म्हणाल्या, "पण आता शुक्र कुठं गेला?"

निधीचं हसू थांबलं. ती आईच्या बाजूला सरकली आणि तिने आईच्या कानाजवळ हात हलवून पाहिला. बाईंना तो हात दिसला नाही.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसत राहतं आणि कडेची नजर गुपचूप जाते. गेलेली परत येत नाही. उरलेली जपायची.

"मी लोकायले सांगून देतो, येऊ नका म्हणून," गंगाधरराव म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या. "आभाळ काय माह्यासाठी थांबून राहणार आहे?"

ठरलेल्या संध्याकाळी गच्ची भरून गेली. दिवसभर तापलेली फरशी अजून पायांना भाजत होती. बुध बीरगावच्या कारखान्यांकडच्या धुरकट पट्ट्यात हरवला, पण बाकीचे चौघे लखलखत होते आणि कोर शुक्राच्या जवळ आली होती. बाई माझ्याजवळ उभ्या राहून प्रत्येकाला दाखवत होत्या. आपली पाळी त्यांनी सगळ्यात शेवटी घेतली. माझ्या छोट्याशा भिंगात त्यांना शनी त्याच्या कड्यासह पुरता दिसला. त्या खूप वेळ पाहत राहिल्या.

"एकेक सगळे दिसतात हो," त्या हळूच म्हणाल्या. "रांग नाही दिसत."

गंगाधररावांनी त्यांचा हात धरला आणि त्यांचं बोट खालून वर आभाळभर नेलं. "हा शनी. हा मंगळ. इथं चंद्र अन् शुक्र. अन् तो पार वर..."

"गुरू," बाईंनीच सांगितलं.

पुढे डोळ्यांत घालायचे थेंब झाले, शस्त्रक्रिया झाली, तरी नजर आकसतच गेली. एकदा माझ्यातून बघून त्या म्हणाल्या, "आज चंद्राचा तुकडाच दिसते." त्यानंतर त्यांनी माझ्या भिंगाला डोळा लावला नाही.

ज्या गंगाधररावांनी मला कधी हात लावला नव्हता, ते आता मला चंद्रावर लावायला शिकले. शिकताना खूप चिडले, पण शिकले. बाई शेजारी खुर्चीवर बसत. "कडेले एक मोठा खड्डा आहे, अर्धा अंधारात," ते सांगत. बाई डोळे मिटून म्हणत, "अन् त्याच्या मधात एक टेकडी असंल, पाहा बरं." ते पाहत. टेकडी असे.

एका हिवाळ्यात बाई गेल्या. निधी नोकरीसाठी पुण्याला होती. ती आली आणि तेराव्यानंतर परतली. मग एका संध्याकाळी गंगाधरराव एकटेच वर आले. त्यांनी मला चंद्रावर लावलं, डोळा टेकवला आणि सवयीने बोलू लागले, "कडेले एक..." शेजारची खुर्ची रिकामी होती. ते तसेच वाकून राहिले. माझं भिंग ओलं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली आणलं.

मित्रांनो, माझ्या आरशावर आता डाग पडले आहेत. नवा मुलामा दिला तर ते जातील. माणसाच्या नजरेला तसा मुलामा नाही. म्हणून घरातल्या माणसांना नुसतं "दिसतंय ना?" असं विचारून पुढे जाऊ नका. काय काय दिसतं, ते विचारा. आणि ज्यांना दिसत नाही, त्यांच्याजवळ बसून आभाळात काय आहे ते सांगत जा. चुकलात तरी चालेल, ते सुधारून घेतील.