मीठ बघणारी

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. क्लबातली पोरं मला तोंडावर मावशी म्हणतात आणि मागून तोफ. म्हणू देत. एवढ्या पोरांचा स्वयंपाक गोड बोलून होत नसतो.

शाळा चालू असते तेव्हा दुपारचं जेवण शाळेत मिळतं. सुट्टी लागली की ते बंद. ज्यांच्या घरी डबे भरलेले असतात त्यांची सुट्टी म्हणजे मजाच मजा. बाकीच्या घरांत आई सकाळी उठून पिठाचा डबा हलवून बघते, आणि त्याचा आवाज ऐकून पोरांना दिवस कसा जाणार ते कळतं. त्यांच्यासाठी आमचा सुट्टीचा क्लब. शाळेच्याच हॉलमध्ये सकाळी चित्रं, मातीकाम, मैदानावर धावाधाव, आणि दुपारी पोटभर जेवण. सगळं फुकट. क्लब चालवणारी मुलगी, तिला सगळे ताई म्हणतात, गळ्यात शिट्टी अडकवून दिवसभर ओरडत फिरते. तिचा घसा कायम बसलेला. मी आत, हॉलला लागून असलेल्या स्वयंपाकघरात.

मागच्या सुट्टीत एक पोरगी यायला लागली. आठ-नऊ वर्षांची असेल. हाडं मोजून घ्यावीत अशी, पण डोळे असे की काही सुटायचं नाही. पळण्यात पहिली, चित्रात पहिली. जेवायला मात्र सगळी बसली की ही हात मांडीवर ठेवून गप्प.

"जेव की गं."

"मी घरून जेवून आलेय."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. घरून जेवून आलेल्या पोराची नजर पळीबरोबर खालीवर होत नाही, एवढं मला कळतं. मी तिला कोपऱ्यात घेतलं आणि खडसावून विचारलं. तेव्हा बाईसाहेबांनी तोंड उघडलं. आई दूरच्या शहरात कामाला. घरी आजोबा आणि ही. आजोबांनी बजावलेलं, खेळायला खुशाल जा, पण फुकटचं खायचं नाही, आपण कुणाचे मिंधे नाही.

माझं डोकंच फिरलं. मिंधे म्हणे! ताठा म्हाताऱ्याचा आणि उपास पोरीला! त्याच पावली जाऊन त्यांना चार शब्द सुनवावेत असं वाटलं. पण मग ती दुसऱ्या दिवसापासून खेळायलाही आली नसती. दटावून घास घशात जात नाही, हे मी माझ्या पोरांना वाढवताना शिकलेय.

म्हणून तिला आत बोलावलं. "ए, इकडे ये. मला झालीय सर्दी, चव म्हणून कळत नाही. जरा मीठ बघून सांग."

वाटीभर भात, वर भाज्यांचा रस्सा.

"मीठ बघायला एवढं?"

"मग? चमचाभरात काय कळतंय? भाताबरोबर कसं लागतं ते नको बघायला?"

तिने वाटी घेतली. डोळे मिटले आणि सावकाश, अगदी मन लावून खाल्लं. वाटी रिकामी झाली तेव्हा म्हणाली, "कमी आहे."

मी मीठ टाकलं, ढवळलं, पुन्हा वाटी भरली. "आता?"

तीही संपली. "आता बरोबर आहे."

"बरं. उद्या पण ये. माझी सर्दी काही लवकर जायची लक्षणं नाहीत."

ती सर्दी दोन सुट्ट्या टिकली. त्या दिवसापासून मी रश्श्यात आधी मीठ कमीच घालायची. कमी म्हटलं की दुसरी वाटी, अजून किंचित कमी म्हटलं की तिसरी. मी तिचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं. आणि इन्स्पेक्टर तरी कसली! आल्या आल्या कोपरापर्यंत हात धुणार, पातेल्याभोवती एक फेरी मारणार, मग वाटी पुढे करणार. "वाटाणे कच्चे आहेत." "कालचं बरं होतं." एकदा तर म्हणाली, "मावशी, आज तुमचं लक्ष नव्हतं." आता बोला! माझ्या नवऱ्याची उभ्या जन्मात असं म्हणायची छाती झाली नाही. मी पळी उगारली, तर ती खिदळत पातेल्यामागे लपली.

घरी जाऊन तिने आजोबांना सांगितलं की मला काम लागलं.

दुसरा कुणी असता तर हसला असता. पण आजोबा जन्मभर टेलर. तिच्याएवढे असताना त्यांना एका दुकानात उमेदवारीला बसवलेलं. दिवसभर बटणं लावायची आणि त्याबद्दल दुपारचं जेवण. तेव्हा पोरगी मीठ बघते आणि जेवते, यात त्यांना वावगं काही वाटलंच नाही. उलट चार दिवसांत ती नवा एप्रन घालून आली. उरलेल्या कापडांचे तुकडे जोडून शिवलेला, पण शिलाई अशी की जोड शोधावा लागावा. पुढे छोटा खिसा, त्यात तिचा चमचा.

"आजोबा म्हणाले, कामाला नीट जावं."

मी कांदे चिरायला घेतले. डोळ्यांना काहीतरी कारण हवं होतं.

या सुट्टीत सगळं तसंच चाललेलं. इन्स्पेक्टर जरा उंच झालेली, एप्रनची खालची शिलाई आजोबांनी उसवून सोडलेली. आणि सुट्टी संपत आली तेव्हा ताई आत आली, दार लोटून घेतलं आणि उकिडवी बसून रडायलाच लागली. क्लब बंद. पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला होता. एवढी सुट्टी संपली की हॉलला कुलूप, पुढच्या सुट्टीत काही नाही. पोरांना शेवटच्या दिवशी सांगू म्हणाली.

शेवटच्या दिवशी! पोरांच्या कानांना दारं असतात होय? मी वळले तर मागच्या दारात इन्स्पेक्टर उभी. हातात धुतलेला चमचा.

"मावशी, मला काढलं?"

"तुला कोण काढतंय? क्लबच बंद होतोय, सगळ्यांचाच."

"मी वाटाणे कच्चे म्हणाले म्हणून?"

"नाही गं बाई! तुझा काही संबंध नाही त्यात."

तिने मान हलवली. मोठ्यांचं खोटं पकडल्यावर पोरं हलवतात, तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटाटे सोलत होते, तर मागच्या दाराशी कुणीतरी खाकरलं. आजोबा. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. इतके दिवस मनातल्या मनात ज्या माणसाशी भांडले, तो हा एवढासा निघाला. जाड भिंगांचा चष्मा, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. कॉलर झिजलेली म्हणून उसवून उलटी बसवलेली. मी स्टूल पुढे केलं, पण ते बसले नाहीत.

"बाई, पोर लहान आहे," ते म्हणाले. "तिचं काही चुकलं असेल तर मला सांगा, मी समजावतो. जिभेला हाड नाही तिच्या, आजीवर गेलीय. पण काम मनापासून करते."

"अहो आजोबा, तिचं काही चुकलेलं नाही. क्लब बंद होतोय. पुढच्या सुट्टीत कुणालाच जेवण नाही."

ते हसले. राग नव्हता त्या हसण्यात, उलट मला सांभाळून घेतल्यासारखं. "मलाही मालकाने असंच सांगितलं होतं. दुकान बंद करतोय म्हणाला. आठवड्याने गेलो तर माझ्या मशीनवर दुसरा बसलेला. असू द्या, मालक लोकांना तोंडावर सांगणं जड जातं."

"अहो, मी कुठली मालकीण!"

"हवं तर तुमची ही हात पुसायची फडकी मी शिवून देतो. हॉलचे पडदे देतो. डोळ्याला आता कमी दिसतं, पण हाताला दिसतं. फक्त तिला ठेवा. शाळेच्या दिवसांत ती तिकडे जेवते, पण सुट्टीतलं तिचं जेवण तिच्या कष्टाचं आहे. रात्री मला सांगते, आजोबा, माझ्या वाटचं तुम्ही खा, नको म्हणू नका, मी दुपारी कमावून खाऊन आलेय."

सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं. की आजोबा, काम नव्हतंच कधी. ती जे जेवली ते फुकटचंच होतं, मीच तुम्हा दोघांना बनवलं. पण त्या उलट्या कॉलरकडे बघितलं आणि पुन्हा बटाटा हातात घेतला. या माणसाने आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, तो आज माझ्या दारात उभा राहून विनवत होता. आणि तेसुद्धा जेवणासाठी नव्हे, कामासाठी. त्याच्याजवळ तेवढाच एक अभिमान शिल्लक होता, तोही मी काढून घेऊ? ज्यांनी वर बसून क्लब बंद केला, त्यांनी यावं आणि या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगावं. माझ्याच्याने झालं नाही.

"दोन घास खाता का?" मी म्हणाले. तेवढंच सुचलं मला.

"मी घरून जेवून आलोय," आजोबा म्हणाले. तोच सूर, तेच शब्द, हातही तसेच आवरून धरलेले.

जाताना ते दारात थांबले. "मी समजावतो तिला," म्हणाले. "तुम्ही काळजी करू नका."

शेवटच्या दिवशी ताईने हॉलमध्ये फुगे लावले. मी मनाशी ठरवलं होतं, आज पोरगी तृप्त होऊन जायला हवी. बटाटे, गाजर, वाटाणे, जे होतं ते सगळं पातेल्यात घातलं. मीठ मात्र चिमूटभरही नाही. मुद्दामच. बिनमिठाचा रस्सा बरोबर करायचा म्हणजे चार-पाच वाट्या तरी लागणार, मग पोट कसं भरत नाही तेच बघते, म्हटलं.

इन्स्पेक्टर आली. एप्रन धुऊन इस्त्री केलेला, केस चापून बांधलेले. कोपरापर्यंत हात धुतले. पातेल्याभोवती फेरी मात्र मारली नाही. मी वाटी दिली. तिने एक चमचा तोंडात घातला. डोळे मिटले नाहीत, माझ्याकडेच बघत राहिली.

"काय म्हणतात इन्स्पेक्टर?"

"बरोबर आहे."

"नीट बघ गं."

"एकदम बरोबर आहे मावशी. काहीच कमी नाही."

"वाटाणे?"

"छान शिजलेत."

"अगं, वाटी तरी संपव. एका चमच्यात काय कळतंय?"

"कळलं मला." तिने भरली वाटी ओट्यावर ठेवली, जराही न सांडता. "आजोबांनी सांगितलंय, ज्यांच्याकडे काम करतो त्यांच्या कामात सारखी खोड काढायची नाही. आता मी कध्धीच कमी म्हणणार नाही. मग पुढच्या सुट्टीत येऊ ना?"

सगळ्या जगाला उत्तरं देणारी मी, आणि त्या पोरीला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. मी नुसती तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

तिला वाटलं, हो म्हणाले. तिचा चेहरा फुलला. तिने एप्रन काढला, घडी घालून चमच्यांच्या खणात ठेवला. "इथेच ठेवते. परत आणायला नको." आणि पळत सुटली. हॉलमध्ये ताटं मांडलेली होती, पण ती तिकडे वळलीसुद्धा नाही. तिचं जेवण इथे असायचं, माझ्याजवळ. आजोबांना आधी जाऊन सांगायचं असणार की काम टिकलं. मागच्या दाराने ती तशीच उपाशी घरी गेली.

मी हाक मारली. जोरात मारली, माझ्या नेहमीच्या आवाजात. ती लांब गेली होती.

हॉलमध्ये पोरं ताटं वाजवायला लागली होती. मी अंदाजाने मीठ घातलं, ढवळलं, आणि बघायला कुणी नव्हतं म्हणून तसंच वाढलं.